माझी इंग्रजीची परीक्षा

गेल्या वर्षी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, मी पुन्हा एकदा परीक्षेला बसलो. परीक्षेच्या दिवशी सकाळी केंद्राच्या दाराशी ओळखपत्रे तपासणारा तरुण माझ्याकडे पाहून अतिशय नम्रपणे म्हणाला, की पालकांनी बाहेर थांबावयाचे आहे. मी त्याला माझे प्रवेशपत्र दाखविले. त्याने ते दोनदा वाचले, माझ्या टकलाकडे एकदा पाहिले, आणि मग ज्या आदराने म्हाताऱ्या यात्रेकरूला वाट करून देतात त्या आदराने मला आत सोडले.

परीक्षा इंग्रजी भाषेची होती. आता एम. ए. झालेल्या आणि वीस वर्षे सरकारी नोकरीत इंग्रजीतून टिपणे लिहिण्यात काढलेल्या माणसाने इंग्रजीची परीक्षा द्यावी, ह्याचे माझ्या सहकाऱ्यांना हसू आले होते. मलाही ते थोडेसे अपमानास्पदच वाटत होते. परंतु परदेशातील एका विद्यापीठात लोकप्रशासनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करण्याची संधी चालून आली होती, आणि त्या विद्यापीठाला माझ्या पदवीपेक्षा आणि नोकरीच्या वर्षांपेक्षा इंग्रजीचे एक ताजे प्रमाणपत्र अधिक विश्वसनीय वाटत होते. तेव्हा नाइलाजाने मी ह्या मार्गाला लागलो. त्या सहा महिन्यांच्या तयारीत मला इंग्रजीविषयी जे कळले ते थोडे, आणि स्वतःविषयी जे कळले ते अधिक, असे आज मागे वळून पाहताना वाटते. तेच आज आपल्याला सांगणार आहे.

प्रथम ह्या परीक्षेची ओळख करून देतो. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली हे आपल्याला ठाऊक आहेच. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८५८ साली, केंब्रिज विद्यापीठाने शालेय परीक्षा घेण्यासाठी एक मंडळ स्थापन केले. ह्या मंडळाने १९१३ साली इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही अशांसाठी प्रावीण्याची एक परीक्षा सुरू केली. त्या पहिल्या परीक्षेची हकिकत मोठी मनोरंजक आहे. इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मन भाषेत आणि त्या भाषांतून इंग्रजीत भाषांतर, व्याकरण, निबंध, इंग्रजी वाङ्मय, उच्चारशास्त्र, श्रुतलेखन, प्रकट वाचन आणि संभाषण असा तिचा पसारा होता. आणि सगळे मिळून सुमारे १२ तास परीक्षार्थ्याला झुंजावे लागे. पहिल्या वर्षी परीक्षेला बसले तीन जण, आणि तिघेही नापास झाले! पहिल्याच वर्षी शंभर टक्के निकाल उलटा लागूनही जी परीक्षा बंद पडली नाही, तिच्या चिकाटीचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे.

पुढे ह्या मूळ परीक्षेच्या अनेक धाकट्या बहिणी जन्माला आल्या. त्यांपैकी एक १९९१ साली सुरू झाली. प्रावीण्याच्या सर्वोच्च परीक्षेच्या एक पायरी अलीकडे ती उभी आहे. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाज्ञान मोजण्याची सहा पायऱ्यांची एक शिडी प्रसिद्ध केली. तिच्यातील पाचव्या पायरीचे नाव सी-१, म्हणून ही परीक्षा आता 'सी-१ ॲडव्हान्स्ड' ह्या नावाने ओळखली जाते. मी दिली ती हीच.

परीक्षेची माहिती हातात पडताच मी अस्सल भारतीय विद्यार्थ्याप्रमाणे पहिला प्रश्न विचारला, की पाठ्यपुस्तक कोणते? उत्तर आले, की पाठ्यपुस्तक नाही. नेमलेली पुस्तके नाहीत, पाठ करण्याजोग्या कविता नाहीत, संदर्भासहित स्पष्टीकरणे नाहीत. इंग्रजी भाषा हाच अभ्यासक्रम! समुद्र हाच अभ्यासक्रम आहे असे पोहणाऱ्याला सांगावे, तशातलाच हा प्रकार. मी कपाटातून जुने रेन आणि मार्टिन ह्यांचे व्याकरण काढले. वडिलांनी जपून ठेवलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमालाही काढली. ह्या दोन ग्रंथांच्या बळावर महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. ती शिदोरी घेऊन मी एका रविवारी सकाळी घड्याळ लावून पहिली सराव-प्रश्नपत्रिका सोडवावयास बसलो.

वाचन आणि भाषेचा उपयोग ह्या पहिल्या प्रश्नपत्रिकेला ९० मिनिटे असतात. तिचे आठ भाग, आणि प्रश्न ५६. तिच्या एका भागात एक लहानसा उतारा असतो आणि त्यातले आठ शब्द गाळलेले असतात. निवडीसाठी पर्याय दिलेले नसतात. गाळलेले शब्द कोणते, तर 'ऑफ', 'विच', 'इट', 'दो', 'ॲज' असे इवलेसे! मला वाटले, हे तर पाचवीच्या मुलाचे काम. ताडून पाहिले तेव्हा आठांपैकी माझे तीन बरोबर होते. मोठमोठे, भारदस्त शब्द मला पुष्कळ येत होते. लहान शब्दांनी मात्र मला धूळ चारली.

ह्याचे कारण शोधताना माझे लक्ष आपल्या मराठीकडे गेले. इंग्रजी जे काम स्वतंत्र छोट्या शब्दांकडून करून घेते, ते आपण बहुधा शब्दाच्या शेपटाला प्रत्यय लावून करतो. घरात, घराला, घराहून, घराशी, एवढे म्हटले की झाले. त्यामुळे मराठी माणूस इंग्रजी बोलताना त्याच्या मनातला प्रत्यय मधेच डोके वर काढतो. आपण एखाद्या विषया'विषयी' चर्चा करतो, म्हणून इंग्रजीत 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट' जोडतो. इंग्रजाला तो नको असतो. आपले लग्न कोणा'शी' तरी होते, म्हणून आपण तेथे 'विथ' घालतो. इंग्रज 'टू' घालतो. 'मी दोन वर्षांपासून येथे राहतो' ह्या निर्दोष मराठी वाक्याचे आपण शब्दशः इंग्रजी करतो, ते 'आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स टू इयर्स' असे होते. त्यात क्रियापदाचा काळही चुकतो आणि 'सिन्स'ही चुकतो. आणि 'द' ह्या उपपदाविषयी काय बोलावे? मराठीत ते नाहीच. वीस वर्षे मी ते मिठासारखे चवीपुरते टाकीत आलो होतो. आता कळले, की ते औषधासारखे मोजून टाकावयाचे असते.

दुसरी अडचण शब्दांच्या सोयरिकीची. मराठीत आपण नवस बोलतो, शपथ घेतो, पैज लावतो, थाप मारतो आणि गंडा घालतो. नवस का बोलावा आणि थाप का मारावी, ह्याला व्याकरणात नियम नाही. नवस 'केला' म्हटले तर एक वेळ चालेल, पण थाप 'केली' म्हटले की आजीसुद्धा चमकून पाहील. इंग्रजीतही शब्दांची अशी लग्ने पूर्वीच लागून गेलेली आहेत. निर्णय तेथे 'मेक' करतात, शाळेचा घरचा अभ्यास 'डू' करतात. त्याच प्रश्नपत्रिकेत एक भाग असा असतो, की एक वाक्य द्यावयाचे, एक शब्द द्यावयाचा, आणि तो शब्द जराही न बदलता तीन ते सहा शब्दांत तोच अर्थ पुन्हा मांडावयाचा. आपल्याकडे असे म्हणता येईल, की 'त्याला पाहून ती फार घाबरली' हे वाक्य 'थरकाप' हा शब्द वापरून लिहा. ज्याला थरकाप 'उडतो' हे ठाऊक आहे त्याचे काम एका क्षणात होते. ज्याला केवळ थरकाप ह्या शब्दाचा अर्थ ठाऊक आहे तो तेथेच अडकतो. मी आजवर शब्दांचे अर्थ जमविले होते, त्यांचे सगेसोयरे जमविले नव्हते. त्या दिवसापासून मी वहीत सुटा शब्द लिहिणे बंद केले. जेथे भेटला तेथले सबंध वाक्य लिहू लागलो.

ह्या सगळ्या पडझडीत एकच भाग असा निघाला की ज्यात माझी नोकरी उपयोगी पडली. एका लेखातले सहा परिच्छेद काढून बाजूला ठेवलेले असतात, त्यांत एक उपरा परिच्छेद मिसळलेला असतो, आणि प्रत्येक परिच्छेद योग्य जागी बसवावयाचा असतो. विस्कटलेल्या फाइलीतली पाने लावण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्याला हे काम अवघड नव्हते. आधीच्या पानाचा धागा पुढच्या पानात कोठे उमटतो हे पाहावयाचे, एवढेच.

येथवर झाली ती भाषेच्या जुजबी दुखण्यांची कथा. खरा रोग पुढे, लेखनाच्या प्रश्नपत्रिकेत सापडला.

लेखनाला ९० मिनिटे आणि दोन उत्तरे. पहिला निबंध सक्तीचा. दुसऱ्यासाठी पत्र, अहवाल, प्रस्ताव, परीक्षण अशा प्रकारांतून दिलेल्या तिहींपैकी एक निवडावयाचे. प्रत्येक उत्तर २२० ते २६० शब्दांचे. अहवाल आणि प्रस्ताव हे शब्द वाचून मी मनात म्हटले, की हे तर आमचे रोजचे खाद्य! मी एक प्रस्ताव आणि एक निबंध लिहिला, आणि आमच्या वसाहतीत राहणाऱ्या, इंग्रजीच्या अध्यापनातून निवृत्त झालेल्या एका बाईंकडे तपासावयास नेऊन दिला. बाई नागपूरकडच्या, बोलण्यात स्पष्ट.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावले. कागदावर तांबड्या शाईची एकही खूण नव्हती. मला धन्य वाटले. बाई म्हणाल्या, "व्याकरणाच्या चुका फारशा नाहीत. पण हे तुम्ही कोणाला लिहिलं आहे?"

मी म्हणालो, "प्रश्नात दिलं आहे ना, महाविद्यालयाच्या प्राचार्यांना."

"ते मी वाचलं. पण तुमच्या लिहिण्यात प्राचार्य कुठे दिसत नाहीत. आणि तुम्हीही दिसत नाही. सगळं आपोआप होतं आहे. निदर्शनास येतं आहे, विचाराधीन आहे, आवश्यक ती कार्यवाही व्हावी असं सुचवण्यात येत आहे. हे सगळं कोणी करायचं? आणि कधी?"

मग त्यांनी निबंध काढला. ह्या परीक्षेतील निबंधात एक विषय आणि त्याचे तीन मुद्दे देतात. त्यांपैकी दोहोंची चर्चा करून त्यांतला अधिक महत्त्वाचा कोणता, हे कारणे देऊन सांगावयाचे असते. मी दोन्ही मुद्दे आपापल्या जागी सारखेच महत्त्वाचे असून त्यांचा साकल्याने विचार होणे इष्ट आहे, असा समारोप केला होता. बाई हसल्या. म्हणाल्या, "साहेब, इथे वरिष्ठांकडे फाइल पाठवायची सोय नाही. निर्णय तुम्हालाच द्यायचा आहे."

श्रोतेहो, मी घरी आलो तो काहीसा रागावूनच. कार्यालयीन इंग्रजी हे अनेक पिढ्यांनी घडविलेले एक हत्यार आहे आणि त्याचे काही गुणही आहेत, हे मी आजही मान्य करतो. त्यातले कित्येक शब्दप्रयोग एके काळी इंग्लंडातही प्रतिष्ठित होते; 'डू द नीडफुल' हा त्यांतलाच एक. तेथे तो मागे पडला, आपण तो जपून ठेवला. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. परंतु बाईंचा मुद्दा शब्दांच्या जुनेपणाचा नव्हता. ह्या परीक्षेत लेखनाचे गुण चार कसोट्यांवर देतात. आशय, मांडणी आणि भाषा ह्या तीन आपल्या परिचयाच्या आहेत. चौथी कसोटी अशी, की ज्याला उद्देशून लिहिले त्याला ते रुचेल आणि पोचेल असे लिहिले आहे काय. ही चौथी कसोटी आम्हा लोकांना कोणी कधी लावलीच नव्हती.

पुढच्या खेपेस बाईंनी एक वेगळाच अभ्यास दिला. त्या म्हणाल्या, "नवीन काही लिहू नका. तुम्ही कचेरीतून प्रत्यक्ष पाठवलेलं एखादं पत्र घ्या. त्यातली नावं गाळा, आणि तेच पत्र अडीचशे शब्दांच्या आत, ते ज्याला गेलं त्याला कळेल असं पुन्हा लिहून आणा."

मी जुन्या पत्रांतले एक काढले. सुमारे सव्वा वर्षापूर्वी ते माझ्या सहीने वऱ्हाडातल्या एका गावी, आमच्याच खात्यातल्या एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या पत्नीला गेले होते. त्या बाईंनी कुटुंब-निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला होता. पत्र अर्थातच इंग्रजीत होते. त्यातल्या मुख्य वाक्याचा मराठीत मासला द्यावयाचा तर तो असा: 'उपरोल्लिखित निवेदनाच्या संदर्भात कळविण्यात येते की, लाभार्थीच्या नामाभिधानातील विसंगतीचे निरसन करणाऱ्या विहित दस्तऐवजांच्या अभावी, प्रस्तुत विनंती सद्यःस्थितीत मान्य करता येत नाही.'

ते सोपे करावयास बसलो आणि माझ्या लक्षात आले, की ह्या पत्राचा अर्थ अगदी साधा होता. नोकरीच्या नोंदपुस्तकात त्या बाईंचे माहेरचे नाव लागले होते आणि अर्जावर सासरचे. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची चाल आहे. तिच्यामुळे अशी फारकत पुष्कळदा पडते. ही दोन्ही नावे एकाच बाईची आहेत असे प्रतिज्ञापत्र पाठविले असते की काम झाले असते. म्हणजे माझ्या पत्राला सांगावयाचे होते, की 'एक कागद पाठवा, तुमचे पैसे सुरू होतील.' आणि त्याने सांगितले होते, की 'तुमची विनंती मान्य करता येत नाही.'

माझ्या हातातली लेखणी थांबली. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी ते प्रकरण मागविले. माझ्या पत्रानंतर त्यात एकही कागद आलेला नव्हता. स्मरणपत्र नाही, तक्रार नाही. पुढे चौकशीअंती कळले ते असे. पत्र त्या बाईंच्या पुतण्याने वाचून दाखविले होते. तो महाविद्यालयात शिकणारा मुलगा. त्याने शेवटचे शब्द वाचून सांगितले, की 'काकू, नाही म्हणतात.' सरकार नाही म्हणते म्हटल्यावर त्या बाईंनी तो विषय मनातून काढून टाकला होता. चौदा महिने त्यांनी हक्काच्या पैशांवाचून काढले. त्या पत्रात व्याकरणाची एकही चूक नव्हती. नियमाचा भंग नव्हता. वरिष्ठांनी कधी तपासले असते तर त्यांनीही ते निर्दोष ठरविले असते.

मी नवे पत्र लिहिले. नियमाप्रमाणे ते इंग्रजीत होते, पण त्याचे पहिलेच वाक्य असे होते, की आपल्याला निवृत्तिवेतन मिळू शकते. दुसऱ्या वाक्यात, त्यासाठी कोणता एक कागद हवा. तिसऱ्यात, तो कोठे करून मिळेल. चौथ्यात, तो कोणाच्या नावे पाठवावा. त्यासोबत तोच मजकूर मराठीत, माझ्या हाताने लिहून जोडला. तीन आठवड्यांनी पाकीट आले. त्यात प्रतिज्ञापत्र होते, आणि वहीच्या पानावर एक ओळ: 'पत्र मिळाले, समजले. कागद जोडला आहे.' थकलेल्या रकमेसह प्रकरण मंजूर झाले. माझ्या हातून जे व्हावयास हवे होते ते चौदा महिन्यांनी झाले, एवढाच त्याचा अर्थ. त्यात मिरविण्याजोगे काही नाही. परंतु 'पत्र समजले' ह्या दोन शब्दांइतका नेमका शेरा माझ्या गोपनीय अहवालात आजवर कोणी लिहिलेला नाही.

हा दोष केवळ इंग्रजीचा आहे असे मात्र कोणी समजू नये. महाराष्ट्राचा १९६४ चा राजभाषा अधिनियम झाला आणि शासनव्यवहार मराठीत आला. पण 'मला असे कळविण्याचे निदेश आहेत की' हे वाक्य मराठी असले तरी त्याचा सांगाडा जुन्या इंग्रजी पत्राचाच आहे. शब्द बदलले, लिपी बदलली, परंतु समोरच्या माणसाकडे न पाहता बोलण्याची ढब तीच राहिली. सोपे इंग्रजी लिहावयास शिकताना माझी मराठी टिपणेही आखूड होऊ लागली, हा मला अनपेक्षित लाभ झाला.

आता उरलेल्या दोन भागांविषयी थोडक्यात सांगतो. श्रवणाची परीक्षा सुमारे ४० मिनिटांची, आणि तिच्यात ३० प्रश्न. प्रत्येक ध्वनिमुद्रण दोनदा ऐकवितात. आमची पिढी इंग्रजी शिकली ती डोळ्यांनी, कानांनी नव्हे. छापलेला शब्द आम्ही लांबून ओळखतो, पण तोच शब्द एखाद्या स्कॉटिश किंवा ऑस्ट्रेलियन माणसाच्या तोंडून बाहेर पडला की जणू कधी भेटलाच नव्हता! मी रोज सकाळी अर्धा तास निरनिराळ्या देशांतली इंग्रजी भाषणे आणि संवाद ऐकावयाचा नेम धरला. आरंभी प्रत्येक वाक्याचे मनात मराठी करीत असे. एकाचे भाषांतर होईतो पुढची तीन वाक्ये निघून जात. हळूहळू भाषांतर सुटले आणि ऐकणे सुरू झाले. आणखी एक गोष्ट ध्यानात आली. दुसऱ्यांदा ऐकावयास मिळणार आहे ह्या भरवशावर जो पहिल्यांदा ऐकत नाही, त्याला दुसऱ्यांदाही ऐकू येत नाही. टेबलासमोर बसलेल्या अभ्यागताचे म्हणणे सह्या करता करता ऐकण्याची सवय मला ह्याच सुमारास सोडावी लागली.

संभाषणाची परीक्षा १५ मिनिटांची, आणि ती एकट्याची नसते. दोन परीक्षार्थी आणि दोन परीक्षक. माझ्या जोडीला आली वीसेक वर्षांची एक मुलगी. प्रथम प्रत्येकाला तीन चित्रे दाखवितात. त्यांपैकी दोहोंची तुलना करीत एक मिनिट बोलावयाचे असते. मी सरावात पहिल्यांदा बोललो तेव्हा चित्रांचा पंचनामा केला होता: एक टेबल, दोन खुर्च्या, उजवीकडे खिडकी. बाईंनी समजावून सांगितले, की चित्रात काय आहे ते परीक्षकालाही दिसते. त्या माणसांच्या मनात काय चालले असेल ह्याविषयी तुमचा तर्क काय, ते बोला. तर्काला शब्द लागतात ते 'कदाचित', 'बहुधा', 'असे दिसते की' ह्या जातीचे. अधिकाराच्या जागेवर बसलेल्या माणसाच्या जिभेवर ते सहसा येत नाहीत.

त्यानंतर दोघांनी मिळून एका प्रश्नाची चर्चा करावयाची असते. आपले मत मांडावयाचे, दुसऱ्याचे विचारावयाचे, आणि शक्य तर एका निर्णयाला यावयाचे. त्या मुलीने मला विचारले, "तुम्हाला काय वाटतं?" मी बोलू लागलो, तो बैठकीत बोलतो तसा बोलतच राहिलो. मध्येच तिच्याकडे लक्ष गेले. ती तोंड उघडून थांबली होती. मी घाईघाईने वाक्य तोडले आणि तिला तिचे मत विचारले. तिने माझाच मुद्दा उचलून त्यातली उणीव इतक्या गोडपणे दाखविली, की मला ती मान्य करावी लागली. बाहेर आल्यावर तिने वाकून नमस्कार केला आणि "थँक यू, अंकल" म्हणाली. खरे म्हणजे आभार मीच मानावयास हवे होते. ऐकणे हाही बोलण्याचाच भाग आहे आणि त्याला गुण असतात, हे मला तिच्यामुळे कळले.

ज्यांना अशी परीक्षा द्यावयाची असेल, मग ते इंदूरचे असोत, बडोद्याचे असोत की बेळगावचे, त्यांच्यासाठी चार अनुभवाचे बोल सांगून ठेवतो. सहा महिने हाताशी असतील तर पहिले चार महिने प्रश्नपत्रिकांच्या नादी लागू नये. रोज थोडे वाचावे, थोडे ऐकावे, आणि वाचलेल्यातले एक पान मोठ्याने म्हणावे. आठवड्यातून दोनदा लिहावे, आणि ते जाणत्या माणसाला दाखवावे. आपल्याच चुका आपल्याला दिसत नाहीत. पाठ केलेले निबंध कामास येत नाहीत, कारण परीक्षकाला ते पहिल्या ओळीतच ओळखू येतात. अवघड शब्दांची हाव धरू नये. सोप्या शब्दांची जागा चुकू देऊ नये. शेवटचे दोन महिने घड्याळ लावून पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, म्हणजे ९० मिनिटांत ५६ प्रश्नांची वाटणी हाताला बसते. आणि परीक्षेच्या आदल्या रात्री काही न वाचता झोपावे. हा शेवटचा उपदेश मी स्वतः पाळला नाही.

माझा निकाल सांगितला नाही तर आपल्याला रुखरुख लागेल. ही परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी १८० गुणांक लागतो, आणि तो २०० किंवा त्याहून अधिक आला तर वरच्या पायरीचे प्रमाणपत्र मिळते. माझा गुणांक १८९ आला. म्हणजे उत्तीर्ण झालो, पण पेढे वाटण्याइतका नव्हे. सर्वांत कमी गुण त्या लहान शब्दांनीच दिले. लेखनाने मात्र मान राखली.

इंग्रजीला आपल्याकडे वाघिणीचे दूध म्हणण्याची परंपरा आहे. मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा १८५९ साली झाली. तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. त्या पिढीने हे दूध पचविले आणि त्याचे बळ आपल्या भाषेला आणि आपल्या लोकांना दिले. माझ्यासारख्याने मात्र वीस वर्षे ते प्यायले आणि गुरगुरणे तेवढे उचलले. वऱ्हाडातल्या त्या बाईंना माझ्या पत्रातून ऐकू आले ते हेच गुरगुरणे.

प्रमाणपत्र आता कपाटात आहे. विद्यापीठाचा प्रवेशही निश्चित झाला आहे. परंतु सहीसाठी पत्र समोर आले की मी हल्ली ते एकदा हलक्या आवाजात वाचून पाहतो, आणि ते ज्याच्या घरी जाणार आहे तेथे ते कोण वाचून दाखवील, ह्याचा विचार करतो. पुष्कळदा ते पत्र मला परत पाठवावे लागते. माझे सहायक म्हणतात, की साहेब परीक्षा देऊन आल्यापासून कामे सावकाश होतात. ते खरेही असेल.